एलिनॉर रॅथबोन : सरकारला प्रश्न विचारणारी बाई

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्यावयाचे, असा महिला मंडळांचा जुना परिपाठ आहे. रमाबाई रानडे, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी यांची चरित्रे आपण वाचली आहेत आणि मुलींना सांगितलीही आहेत. या खेपेस एका परक्या देशातील बाईची ओळख करून द्यावी, असे मनात आहे. या बाईंनी तुरुंगवास भोगला नाही, मोठे मंत्रिपद भूषविले नाही, की वक्तृत्वाने सभा गाजविल्या नाहीत. त्यांचे हत्यार एकच होते. सरकारला प्रश्न विचारावयाचा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावयाचे.

विधानसभेच्या वृत्तांतात तारांकित प्रश्न आणि अतारांकित प्रश्न असे शब्द येतात. आपण बहुधा ती ओळ ओलांडून पुढच्या बातमीकडे जातो. ज्या प्रश्नापुढे तारा असतो त्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यावयाचे असते. ज्यापुढे तो नसतो त्याचे उत्तर लेखी मिळते व छापले जाते. ही चाल इंग्लंडच्या पार्लमेंटातून आपल्याकडे आली. आपल्या देशात कायदे कौन्सिलाच्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रथम १८९२ च्या कायद्याने मिळाला. या साध्या दिसणाऱ्या अधिकारात केवढे बळ आहे, हे मिस एलिनॉर रॅथबोन यांच्या चरित्रावरून चांगले कळते.

एलिनॉर यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे लिव्हरपूलच्या सधन व्यापाऱ्यांचे, पण पैशाबरोबर लोकांचे देणेही लागते, असे मानणारे. वडील विल्यम रॅथबोन हे पार्लमेंटचे सभासद होते. पहिल्या पत्नीच्या आजारपणात घरी ठेवलेल्या परिचारिकेची सेवा पाहून, अशी शुश्रूषा गरिबांच्या घरीही पोचली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि इंग्लंडात घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांची प्रथा त्यांच्या खटपटीने रुजली. असे संस्कार घेऊन एलिनॉर १८९३ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेल्या. तीन वर्षे त्यांनी तत्त्वज्ञान व प्राचीन वाङ्मय यांचा अभ्यास केला. पण पदवी काही हाती पडली नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना शिकू देई, परीक्षा देऊ देई, पदवी मात्र देत नसे. ती दारे १९२० साली उघडली.

शिक्षण संपवून त्या लिव्हरपूलला परतल्या आणि गोदीतील रोजंदारी मजुरांची घरे पाहू लागल्या. या मजुरांना आज काम मिळे, उद्या मिळत नसे. कोणत्या आठवड्यात घरात किती पैसे आले, भाडे किती गेले, पावाला व कोळशाला काय उरले, याचे हिशेब त्यांनी मजुरांच्या बायकांकडून लिहून घेतले आणि १९०९ साली ते अहवालरूपाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्या लिव्हरपूल नगरपालिकेवर निवडून आल्या. त्या सभागृहात बसणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पुढे पंचवीस वर्षे त्यांनी ती जागा सांभाळली. कोणत्याही राजकीय पक्षाचे बिल्ले त्यांनी जन्मभर लावले नाहीत.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले, तेव्हा लढाईवर गेलेल्या शिपायांच्या बायकांना सरकारी भत्ता मिळू लागला. लिव्हरपुलात ते काम पाहताना एक गोष्ट एलिनॉरबाईंच्या ध्यानात आली. पगार नवऱ्याच्या हाती पडला तर त्यातले घरात किती पोचेल ते त्याच्या मर्जीवर. भत्ता आईच्या हाती पडला, आणि तोही मुलांच्या संख्येवर, तर पोरांच्या पोटाला नियमाने मिळते. जी बाई दिवसभर घरात राबते आणि देशाची पुढची पिढी वाढविते, तिच्या नावाचा एक पैसाही जगाच्या हिशेबात नाही, हे त्यांना खुपले. १९२४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि मुलांसाठीचा भत्ता आईच्या हाती द्यावा ही मागणी जन्माची करून घेतली.

१९२९ साली त्या पार्लमेंटात आल्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज व लंडन सोडून इतर इंग्रजी विद्यापीठांच्या पदवीधरांचा एक संयुक्त मतदारसंघ त्या काळी असे. तेथून त्या अपक्ष म्हणून निवडून आल्या आणि मरेपर्यंत तेथूनच येत राहिल्या. त्या निवडणुकीत पार्लमेंटात सगळ्या मिळून स्त्रिया आल्या चौदा! पक्ष पाठीशी नाही, मंत्रिपदाची आशा नाही, संख्याबळ नाही. अशा एकट्या सभासदाला पार्लमेंटाच्या नियमांनी एकच गोष्ट भरपूर दिली होती, ती म्हणजे प्रश्न. तोंडी उत्तराचे प्रश्न दिवसाला तीन, आणि लेखी उत्तराचे हवे तितके.

प्रश्नाची ही रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. सभासद आपला प्रश्न आगाऊ लिहून देतो. तो कामकाजाच्या पत्रिकेत छापला जातो. मग तो संबंधित खात्यात जातो. तेथे कारकुनापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना जुनी कागदपत्रे काढावी लागतात, आकडे जुळवावे लागतात, आणि मंत्र्याच्या सहीने उत्तर द्यावे लागते. ते उत्तर पार्लमेंटाच्या छापील वृत्तांतात कायमचे राहते. भाषणाला मंत्री गोड भाषण करून उत्तर देऊ शकतो. पण अमुक तारखेला अमुक छावणीत किती माणसे होती, असे विचारले की आकडा तरी द्यावा लागतो, नाहीतर आकडा आपल्याजवळ नाही असे कबूल तरी करावे लागते. दोहोंपैकी काहीही झाले तरी पुढच्या प्रश्नाला आधार मिळतो. मिस रॅथबोन यांना ही गोम पुरती उमगली होती. काळा पोशाख आणि कागदांनी फुगलेली पिशवी घेऊन त्या येताना दिसल्या की मंत्रीही वाट बदलीत, असे सांगतात.

हिंदुस्थानाविषयीही त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ साली झाला व १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. मुलीचे वय किमान चौदा, मुलाचे अठरा. पण कायद्यातच पळवाटा होत्या. पोलिसांना आपण होऊन हात घालता येत नसे. कोणी खाजगी माणसाने तक्रार करावयाची, आणि त्यासाठी शंभर रुपयांपर्यंतचा जामीन लिहून द्यावयाचा. शेजाऱ्याच्या लग्नघराविरुद्ध असे कोण करणार? त्या कायद्याची अंमलबजावणी कितपत होते, असे मिस रॅथबोन सरकारला विचारीत राहिल्या. १९३२ साली त्या स्वतः हिंदुस्थानात येऊन गेल्या आणि १९३४ साली त्यांनी बालविवाहावर पुस्तक लिहिले.

परंतु येथे त्यांची एक बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. हिंदी स्त्रियांचे दुःख त्यांना दिसले. हिंदी स्त्रियांचे कर्तृत्व दिसावयास मात्र वेळ लागला. १९२९ साली लंडनमध्ये त्यांनी हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर परिषद भरविली. बोलणाऱ्या बहुतेक इंग्रज. तेव्हा धन्वंती रामा राव यांनी भर सभेत उठून त्याला हरकत घेतली. आमच्या सुधारणेचे काम आम्ही करीत आहोत, ते आमच्या वतीने परक्यांनी करू नये, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. याच धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ साली मुंबईत कुटुंबनियोजनाची संस्था काढली. मताधिकाराच्या बाबतीतही आपल्या स्त्री संघटना प्रौढ मताधिकार मागत होत्या, तर मिस रॅथबोन बायकोपणाच्या नात्याने मिळणारे मत व राखीव जागा यांचा आग्रह धरीत होत्या. आणि १९४१ साली हिंदी लोक युद्धात इंग्लंडला साथ देत नाहीत म्हणून त्यांनी जाहीर पत्र लिहून दोष दिला, तेव्हा रवींद्रनाथ ठाकुरांनी आजारी असतानाही त्याला कडक उत्तर दिले. त्यानंतर दोनच महिन्यांनी रवींद्रनाथ गेले. दुसऱ्याच्या घरचे प्रश्न विचारताना त्या घरच्या माणसांना आधी विचारावे, हा धडा त्यांच्या चरित्रातून असा उलट बाजूने मिळतो.

त्यांच्या प्रश्नांची खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. जर्मनीत हिटलरच्या जुलमाला कंटाळून ज्यू आणि इतर निर्वासित हजारोंनी इंग्लंडात आले होते. त्यांच्यासाठी १९३८ च्या अखेरीस पार्लमेंटाच्या सभासदांची एक समिती स्थापन झाली, आणि मिस रॅथबोन तिच्या चिटणीस झाल्या. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडले आणि इंग्लंडात घबराट उडाली. जर्मन नावाचा प्रत्येक माणूस हेर वाटू लागला. सरकारने धरपकड केली आणि सुमारे २७,००० माणसे छावण्यांत कोंडली. त्यांत बहुतेक तेच निर्वासित होते, जे हिटलरच्या भयाने पळून आले होते. पुष्कळांना बोटींत घालून कॅनडा व ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले. २ जुलै १९४० रोजी अशीच एक बोट, अरँडोरा स्टार, जर्मन पाणबुडीने बुडविली आणि ८०० हून अधिक माणसे मेली.

छावण्यांतून मिस रॅथबोन यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडू लागला. नवरा कोणत्या छावणीत आहे ते बायकोला कळत नाही. पत्रे आठवडेच्या आठवडे पोचत नाहीत. रोग्याला औषध नाही, आणि चांगले डॉक्टर मात्र तारेच्या कुंपणाआड बसून आहेत. या पत्रांतून एकेक गोष्ट वेगळी काढून, तिचा आगापिछा पडताळून, त्या व त्यांचे सहकारी प्रश्न करीत. युद्ध ऐन भरात असताना, शत्रूच्या देशात जन्मलेल्या परक्या माणसांसाठी सरकारला छेडणे सोपे नव्हते. त्या माणसांना मत नव्हते. त्यांच्यासाठी बोलून निवडणुकीत काही हाती लागणार नव्हते. पण १० जुलै १९४० रोजी पार्लमेंटात या विषयावर मोठी चर्चा झाली, त्याच महिन्यात सुटकेस पात्र अशा लोकांची वर्गवारी सरकारने प्रसिद्ध केली, पुढे ती वाढविली, आणि वर्षभरात हजारो माणसे सुटली. ज्यांची सुटका झाली त्यांतल्या कित्येकांना, आपले नाव कोणत्या प्रश्नामुळे टेबलावर आले, हे कधी कळलेही नसेल.

प्रत्येक प्रश्नाला यश आले असे नाही. नाझी लोक ज्यूंचा समूळ संहार करीत आहेत, हे १७ डिसेंबर १९४२ रोजी सरकारने पार्लमेंटात जाहीर केले आणि सारे सभागृह स्तब्ध उभे राहिले. उभे राहून झाले, पुढे काय, हे मिस रॅथबोन विचारीत राहिल्या. वाचतील तेवढ्यांना प्रवेशपरवाने द्या, तटस्थ देशांना मदत द्या, असा त्यांनी १९४३ साली धोशा लावला. उत्तरे सभ्य मिळाली, परवाने फार थोडे मिळाले. हे दुःख त्यांनी अखेरपर्यंत बाळगले.

एक काम मात्र तडीस गेले. मुलांच्या भत्त्याचा कायदा १९४५ साली पार्लमेंटापुढे आला. पण मसुद्यात भत्त्याचा हक्क बापाचा धरला होता! जन्मभर ज्यासाठी झगडलो तेच नेमके उलटे लिहिलेले पाहून बाईंनी स्पष्ट सांगितले, की हे कलम असेच राहिले तर आपण आपल्याच मागणीविरुद्ध मत देऊ. अखेर सरकारने सभासदांना मोकळे मत देऊ दिले आणि पैसा आईच्या हाती द्यावयाचे ठरले. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग. पहिले वाटप ऑगस्ट १९४६ मध्ये झाले. ते पाहावयास मिस रॅथबोन नव्हत्या. २ जानेवारी १९४६ रोजी त्या वारल्या होत्या. लंडनच्या पार्लमेंट चौकात मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा २०१८ साली उभारला गेला, त्याच्या चौथऱ्यावर स्त्रीमताधिकाराच्या इतर कार्यकर्त्यांबरोबर मिस रॅथबोन यांचेही नाव व चित्र कोरले आहे.

भगिनींनो, आपल्यापैकी फार थोड्या जणी विधानसभेत जातील. पण गाऱ्हाणे आणि प्रश्न यांतला फरक या बाईंकडून आपल्या सर्वांना शिकता येईल. नळाला पाणी येत नाही म्हणून ओट्यावर बसून चरफडणे हे गाऱ्हाणे. कोणत्या तारखेपासून येत नाही, किती घरांना येत नाही, दुरुस्तीचे काम कोणाकडे आहे व ते कधी होणार, हे कागदावर लिहून, खाली सह्या करून, पोच घेऊन देणे हा प्रश्न. गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, प्रश्नाला फायलीत जागा करावी लागते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर सरकारी कचेरीला असा लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क साध्या नागरिकालाही दिला आहे. आपल्या आमदारांनाही आपण आपला प्रश्न नीट मांडून देऊ शकतो. तो सभागृहात विचारणे त्यांचे काम आहे.

मात्र प्रश्न एकदा विचारून भागत नाही. उत्तर आले की ते नीट वाचावयाचे, त्यात काय सांगितले नाही ते शोधावयाचे, आणि पुन्हा लिहावयाचे. मिस रॅथबोन यांनी भत्त्याची मागणी ग्रंथात मांडली तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. कायदा झाला तेव्हा त्र्याहत्तर. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. आपल्या अर्जाला एकवीस दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून आपणही ती खाली ठेवू नये.