काका बाप्टिस्टा : श्रद्धा, सद्गुण आणि स्वराज्य



ऑगस्टची १५ तारीख आपल्यासाठी नेहमीच दुहेरी आनंदाची असते. पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण आणि देशाचा स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी येतात. मिस्सा होतो, झेंडावंदन होते, मुलांना खाऊ मिळतो आणि आपण घरी जातो. हे सर्व चांगलेच आहे. पण एक प्रश्न मागे उरतो. मिळालेले स्वातंत्र्य टिकते कशाने? सैन्य सीमा राखते, न्यायालये कायदा राखतात. परंतु कायदा पाळणारी माणसेच नसतील तर न्यायालय किती पुरे पडणार? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधण्याऐवजी आम्ही आज आपल्यातल्याच एका माणसाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यांचे नाव जोसेफ बाप्टिस्टा. सारा महाराष्ट्र त्यांना प्रेमाने काका म्हणत असे.

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या म्हातारपाखाडी या वस्तीत झाला. घराणे ईस्ट इंडियन कॅथलिक, मूळचे भाईंदरजवळच्या उत्तन गावचे. मुंबई-साष्टी-वसईचा हा समाज शेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगणारा, घरात मराठी बोलणारा. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले. इंग्रज सरकारशी आपले जुने नाते दिसावे आणि नोकऱ्यांत आपल्या मुलांचा विचार व्हावा, हा त्यामागचा हेतू होता. अशा समाजातला एक तरुण पुढे त्याच सरकारकडे स्वराज्य मागायला उभा राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुण्याला ते इंजिनिअरिंग शिकले, काही वर्षे वनखात्यात नोकरी केली आणि नंतर इंग्लंडला जाऊन केंब्रिजमध्ये शिकून बॅरिस्टर झाले. त्या काळी आयर्लंडचे लोक इंग्रजांकडे होमरूल, म्हणजे आपला कारभार आपल्या हाती, मागत होते. आयर्लंड हा कॅथलिक देश. तेथील चळवळ पाहून बाप्टिस्टा यांच्या मनात हिंदुस्थानाचा विचार आला. मुंबईत परतल्यावर त्यांनी वकिली सुरू केली आणि लवकरच ते लोकमान्य टिळकांचे विश्वासू सहकारी झाले. एक चित्पावन ब्राह्मण आणि एक कॅथलिक बॅरिस्टर यांची ही मैत्री टिळकांच्या अखेरीपर्यंत टिकली.

त्या मैत्रीची परीक्षा १९०८ साली झाली. केसरीतील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, आणि त्यांना कायद्याची मदत करणाऱ्यांमध्ये बाप्टिस्टा होते. सरकारी रोष ओढवून घ्यायचा नसेल तर अशा वेळी दूर राहणेच सोयीचे होते. सहा वर्षांची शिक्षा झाली, टिळक मंडालेला गेले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९१० साली विनायक दामोदर सावरकर यांच्यावर मुंबईत खटला चालला, तेव्हाही बचावाच्या वकिलांत बाप्टिस्टा होते. आरोपीचे प्रत्येक मत वकिलाला पटलेले असावे लागत नाही. त्याला न्याय मिळावा एवढे मात्र पटावे लागते.

टिळक १९१४ मध्ये सुटून आले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा होते आणि चिटणीस न. चिं. केळकर. मुंबई शहर सोडून बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे या लीगचे कार्यक्षेत्र होते. म्हणजे आपले नागपूरही त्यात आले. टिळकांनी देशभर नेलेली स्वराज्याची प्रसिद्ध घोषणा मुळात बाप्टिस्टा यांनी घडवली, असेही सांगितले जाते. पुढे ते लीगचे काम घेऊन इंग्लंडला गेले. जानेवारी १९१८ मध्ये नॉटिंगहॅम येथे भरलेल्या मजूर पक्षाच्या परिषदेत त्यांनी हिंदुस्थानाची बाजू मांडली आणि परिषदेने होमरूलला पाठिंबा दिला. ज्यांच्या हातून स्वराज्य मिळवायचे, त्यांच्याच घरात जाऊन त्यांचे मन वळवण्याची ही रीत होती.

बाप्टिस्टा यांच्या दृष्टीने स्वराज्य हे सुशिक्षितांपुरते नव्हते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष आणि बाप्टिस्टा तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढच्या वर्षी कोळशाच्या खाणींच्या झरियात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. मालक आणि मजूर यांचे नाते माल विकणारा आणि घेणारा असे नसून भागीदारांचे असावे, असा त्यांचा आग्रह होता. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांविषयी जे परिपत्रक काढले, त्याचा गाभाही असाच आहे: श्रम ही नुसती विक्रीची वस्तू नाही, तिच्यामागे एक माणूस आणि त्याचे कुटुंब उभे आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहाशयांनी लिओ चौदावे हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण केली होती. आपल्या नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. आता ती मिल नाही, पण तिच्या भोंग्यावर उठणारी घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्यांना हा विषय समजावून सांगावा लागणार नाही.

१९२० च्या ऑगस्टमध्ये टिळक गेले. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा मार्ग नक्की केला आणि देश गांधीजींच्या मागे निघाला. टिळकांच्या अनेक जुन्या सहकाऱ्यांना कायदेमंडळांत जाऊन लढणे अधिक योग्य वाटत होते, आणि बाप्टिस्टा त्यांच्यापैकी होते. त्याआधी त्यांनी पाँडिचेरीला राहणाऱ्या अरविंद घोष यांना पत्र लिहून मुंबईत निघणाऱ्या नव्या इंग्रजी दैनिकाचे संपादक होण्याची विनंती केली होती. अरविंदांनी ५ जानेवारी १९२० च्या उत्तरात नम्रपणे नकार दिला. ज्या चळवळीचे आपण पहिले अध्यक्ष होतो, तिचे दिवस आपल्या डोळ्यांदेखत संपताना पाहणे कोणालाही जड जाते. बाप्टिस्टा यांनी काम सोडले नाही. १९२४ साली ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले. १९२५-२६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज ज्याला महापौर म्हणतात तेच हे पद. नळाचे पाणी, गटारे, रस्ते, दवाखाने अशा कामांत टाळ्या कमी मिळतात, पण लोकांचे रोजचे जगणे याच कामांवर चालते.

१९३० साली काका बाप्टिस्टा देवाघरी गेले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. स्वराज्य आले ते त्यानंतर सतरा वर्षांनी. माझगावच्या टेकडीवरील बागेला त्यांचे नाव आहे. तेथे रोज फिरायला येणाऱ्यांपैकी किती जणांना हा माणूस ठाऊक असेल, देव जाणे.

प्रिय बंधू-भगिनींनो, संत थॉमस अक्विनास सांगतात की सद्गुण म्हणजे अंगात मुरलेली चांगली सवय. एकदा धैर्य दाखवल्याने माणूस धैर्यवान होत नाही, जसे एकदा पोळी लाटल्याने कोणी सुगरण होत नाही. सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम हे चार सद्गुण आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. बाप्टिस्टा यांच्या जीवनात ते कामाला लागलेले दिसतात. कायद्याच्या वाटेने स्वराज्य मागण्यात सुज्ञता होती. मजुराला भागीदार मानण्यात न्याय होता. राजद्रोहाच्या आरोपीजवळ उभे राहण्यात धैर्य होते. आपला मार्ग मागे पडल्यावरही कडवटपणा न धरता नगराची सेवा करण्यात संयम होता. राष्ट्राचे स्वातंत्र्य अशाच सवयींवर उभे असते. पिढीत या सवयी उरल्या नाहीत, तर झेंडा वर असतो आणि स्वातंत्र्य आतून पोखरले जाते.

ख्रिस्ती माणूस या देशाचा खरा की पाहुणा, असे कधी कधी आपल्याला विचारले जाते. तेव्हा मन दुखावते. काकांनी अशा प्रश्नावर वाद घालत आयुष्य घालवले नाही. ते घरच्यासारखे वागले, कामाला लागले, आणि लोकांनी त्यांना काका म्हटले. आपणही कधी कधी आपणहून पाहुण्यासारखे वागतो. राजकारण घाण आहे म्हणून मतदानाला जात नाही. सोसायटीच्या सभेला जात नाही. मनीषनगरच्या रस्त्यांबद्दल आणि नाल्यांबद्दल घरात बोलतो, पण अर्ज लिहीत नाही. पाहुणा घराची तक्रार करतो, घरचा माणूस झाडू हाती घेतो.

म्हणून या आठवड्यात आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो. आपल्या घरातील अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलीचे नाव मतदार यादीत आहे की नाही, ते पाहा. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना आणि इमारतीच्या चौकीदाराला योग्य पगार आणि सुट्टी मिळते का, याचा कुटुंबात बसून विचार करा. आणि ज्याच्याशी मतभेद आहेत, त्या शेजाऱ्याबरोबर मिळून वस्तीचे एखादे काम करा. संत पौल गलतीकरांना शिकवतो की ख्रिस्ताने दिलेली मोकळीक प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे. देशाच्या स्वातंत्र्यालाही हाच नियम लागू पडतो.

स्वर्गात उचलून घेतलेली आपली माता मरिया हिच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या भारतभूमीला न्याय आणि शांती देवो, काका बाप्टिस्टा यांच्या आत्म्यास चिरविश्रांती देवो, आणि आपल्या धर्मग्रामातून त्यांच्यासारखी माणसे घडवो, हीच प्रार्थना. आमेन.

आपले धर्मगुरू