वॉल्ट डिस्ने : कुणीच राहत नाही असा रस्ता



मिकी माऊस माहीत नाही असं मूल तुमच्या वर्गात शोधून सापडायचं नाही. दप्तरावर, डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर तो असतोच. पण मिकीच्या निर्मात्याचं चरित्र सांगायची वेळ आली की आपण ठरलेली गोष्ट सांगतो. गरीब घर, खूप कष्ट, मग यश. ती खोटी नाही, पण तिच्यात एक गोष्ट सुटून जाते. याच माणसाने पुढे कॅलिफोर्नियात एका गावाची पेठ बांधली. टाउन हॉल, अग्निशमन केंद्र, रेल्वे स्टेशन, दुकानं सगळं होतं, गावकरी मात्र नव्हते. ती का बांधली हे समजून घ्यायचं तर त्याच्या लहानपणाकडे वळावं लागतं.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. वडील एलिअस सुतारकाम आणि घरबांधणी करायचे. १८९३ साली शिकागोत जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच्या बांधकामावर ते सुतार होते. (त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे मुलांना जरूर सांगा. तारखा एकमेकींना जोडल्या की मुलांच्या चांगल्या लक्षात राहतात.) आई फ्लोरा लग्नाआधी शिक्षिका होती. चार भाऊ आणि धाकटी बहीण रूथ, असं हे कुटुंब. वॉल्ट भावांमध्ये सर्वांत लहान.

तो चार वर्षांचा असताना, १९०६ मध्ये, कुटुंब मिझुरी राज्यातल्या मार्सलिन नावाच्या छोट्या गावी शेती करायला गेलं. गावातून रेल्वे जायची, आणि नात्यातले एक काका चक्क इंजिन चालवायचे. आता सांगा, अशा मुलाला आगगाडीचं वेड लागणार नाही तर काय! एकदा वॉल्ट आणि रूथने डांबराचं पिंप उघडलं आणि घराच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रं काढली. डांबर काही निघालं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मात्र याच पोराला आपल्या घोड्याचं चित्र काढायला सांगितलं आणि वर पैसेही दिले. शाळेत तो जवळजवळ सात वर्षांचा झाल्यावर, धाकट्या बहिणीबरोबरच गेला. म्हणजे मधली वर्षं झाडं, डुकरं, कोंबड्या आणि आगगाडी हीच त्याची शाळा.

हे सुख जेमतेम साडेचार वर्षं टिकलं. एलिअस कडक स्वभावाचे होते. मुलांनी कमावलेला पैसा घरचाच, असं ते मानत. थोरले दोघे भाऊ कंटाळून घर सोडून गेले. मग एलिअस आजारी पडले, शेत विकावं लागलं आणि १९११ मध्ये सगळे कॅन्सस सिटीला आले.

इथे थोडं थांबून वाचा. एलिअस यांनी शहरात वर्तमानपत्र वाटण्याची एक लाईन विकत घेतली आणि ते काम रॉय आणि वॉल्ट या मुलांवर सोपवलं. वॉल्ट तेव्हा नऊ वर्षांचा होता. पहाटे साडेतीनला उठायचं, पेपर टाकायचे, मग शाळा, शाळा सुटली की पुन्हा संध्याकाळचा पेपर. अंक अंगणात भिरकावलेला वडिलांना चालत नसे, तो दाराच्या आत नीट ठेवायचा. हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ. कधी एखाद्या इमारतीच्या उबदार जिन्यात त्याचा डोळा लागायचा आणि मग दचकून धावाधाव. पगार नाहीच. हे सहा वर्षं चाललं. पुढे जगभर नाव झाल्यावरही एखाद्या घरी पेपर टाकायचा राहिला अशी स्वप्नं पडून त्यांना जाग यायची. वर्गात हा मुलगा पेंगायचा, यात नवल ते काय? आपल्याही वर्गात मागच्या बाकावर असा एखादा असतो. त्याला उभं करण्याआधी तो किती वाजता उठला हे विचारावं, असं मला फार वाटतं.

त्या दिवसांतली एक आठवण ते पुढे सांगत. चांगल्या वस्तीतल्या काही घरांच्या ओसरीवर मुलांची खेळणी रात्री तशीच पडलेली असायची. अंधारात हा पेपरवाला पोरगा पिशवी खाली ठेवायचा, थोडा वेळ त्या खेळण्यांशी खेळायचा आणि सगळं होतं तसं ठेवून पुढच्या घरी जायचा.

मधला काळ मी भराभर सांगते, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. वय खोटं सांगून रेडक्रॉसमध्ये भरती, युद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये गाड्या चालवणं, परत येऊन चित्रकाराची नोकरी. कॅन्सस सिटीत काढलेली पहिली कंपनी १९२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग हॉलिवूड आणि भाऊ रॉय यांच्याबरोबर नवा स्टुडिओ. ओस्वाल्ड नावाचा लोकप्रिय ससा वितरकाने हातचा काढून घेतला, त्या धक्क्यातून १९२८ मध्ये मिकी आला. १९३७ मध्ये स्नो व्हाइट. १९४१ मध्ये त्यांच्याच चित्रकारांनी संप केला आणि डिस्ने यांनी तो मनाला फार लावून घेतला. मालक म्हणून ते सोपे नव्हते. वडिलांचा कडकपणा थोडाफार त्यांच्यातही उतरला होता, असं माझं मत आहे.

यश आल्यावर दोघा भावांनी आईवडिलांना हॉलिवूडजवळ घर घेऊन दिलं. १९३८ मध्ये त्या घरातल्या बिघडलेल्या हीटरच्या वायूने आई गेली. हे दुःख ते सहसा बोलून दाखवत नसत. १९४१ मध्ये वडीलही गेले.

डिस्ने यांना दोन मुली होत्या, डायन आणि शॅरन. सुट्टीच्या दिवशी ते त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या मेरी-गो-राउंडवर नेत. मुली घोड्यांवर गोल गोल फिरायच्या आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खायचे. आईबापांनी नुसतं बसून राहायचं, हे त्यांना खटकू लागलं. मोठ्यांनाही खेळता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथला. दरम्यान त्यांनी घराच्या आवारात रूळ टाकून बसून फिरता येईल अशी लहान आगगाडीही चालवली. मार्सलिन काही डोक्यातून गेलं नव्हतं!

रॉय सुरुवातीला यात कंपनीचे पैसे घालायला तयार नव्हते. डिस्ने यांनी स्वतःच्या विम्यावर कर्ज काढलं, एका टीव्ही कंपनीशी करार केला आणि अनाहाइममध्ये संत्र्याच्या बागांची १६० एकर जमीन घेतली. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. पहिला दिवस अगदी फजितीचा होता. बनावट तिकिटांमुळे बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली, उन्हाने ताजं डांबर मऊ झालं आणि नळ कामगारांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे हाल झाले.

दारातून आत गेलं की प्रत्येकाला आधी जावं लागतं ते मेन स्ट्रीटवरून. १९०० च्या आसपासचं अमेरिकन गाव, घोड्याची ट्राम, गॅसचे दिवे, चौकात टाउन हॉल. इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान बांधले आहेत. सिनेमाच्या सेटवरची ही युक्ती, त्यामुळे इमारती उंच भासतात आणि तरी अंगावर येत नाहीत. बाहेरचं शहर दिसू नये म्हणून भोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली. इथले रीतिरिवाजही वेगळे. कामगारांना कामगार म्हणायचं नाही, नाटकातले कलाकार म्हणायचं. येणारा तो गिऱ्हाईक नव्हे, पाहुणा.

मार्सलिनजवळ कोळशाच्या खाणी होत्या. मेन स्ट्रीटवर धूळ नाही, कर्ज नाही, आजारपण नाही आणि पहाटे पेपर टाकणारा मुलगाही नाही. इतिहास म्हणून मुलांना हा रस्ता दाखवाल तर ती फसवणूक होईल. पण वरच्या खिडक्या पाहा. तिथे काल्पनिक दुकानांच्या पाट्यांच्या रूपाने खऱ्या माणसांची नावं रंगवलेली आहेत. एका खिडकीवर नाव आहे एलिअस डिस्ने, बांधकाम कंत्राटदार, स्थापना १८९५. ज्या वडिलांनी सहा वर्षं पहाटे उठवलं, त्यांना मुलाने या गावात जागा दिली, तीही त्यांच्या खऱ्या धंद्याची. हे क्षमा करणं होतं की नुसतं हिशेब मिटवणं, मला ठरवता आलेलं नाही.

अग्निशमन केंद्राच्या वर त्यांनी स्वतःसाठी छोटं बिऱ्हाड ठेवलं होतं. त्या रस्त्यावर राहण्यासाठी केलेली हीच काय ती एक जागा. ते तिथे असले की खिडकीत दिवा लागायचा.

खऱ्या मार्सलिनलाही ते विसरले नाहीत. १९६० मध्ये तिथल्या नव्या प्राथमिक शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. स्टुडिओच्या चित्रकारांनी शाळेच्या भिंती रंगवल्या आणि समारंभाला ते स्वतः गेले.

यानंतर त्यांना गावकरी असलेलं शहर हवं होतं. फ्लोरिडात हजारो एकर जमीन दुसऱ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप घेतली गेली. तिथे २०,००० वस्तीचं एपकॉट नावाचं नवं शहर, मधला भाग छताखाली, वाहनं जमिनीखालून, माणसं वरून चालणार. ते बेत चालू असतानाच फुप्फुसाचा कर्करोग निघाला. रॉय सांगत की शेवटच्या रात्री पलंगावर पडल्या पडल्या वॉल्ट छताच्या चौकोनांवर बोट फिरवून कुठला रस्ता कुठे जाईल ते दाखवत होते. १५ डिसेंबर १९६६ रोजी ते गेले. वय ६५.

निवृत्त व्हायला निघालेले रॉय त्यासाठी थांबले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांनी फ्लोरिडातलं पार्क उघडलं, नाव मुद्दाम वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ठेवलं आणि त्याच डिसेंबरात तेही गेले. एपकॉट १९८२ मध्ये उघडलं, पण शहर म्हणून नाही, आणखी एक पार्क म्हणून. तिथेही लोक सकाळी तिकीट काढून येतात आणि रात्री घरी जातात.