दादरच्या शिशुविहारातून बोर्डीच्या अंगणात आलेल्या ताराबाई मोडक

बोर्डी (ता. डहाणू) : पाड्यापाड्यावर आज अंगणवाडी आहे. सकाळी पोरं वाटी घेऊन निघाली की कुठं चालली, हे कोणी विचारत नाही. पण शाळेनंच उठून पोरांच्या दारात जायचं, ही कल्पना सरकारी कागदावर येण्याच्या खूप आधी याच किनाऱ्यावर, बोर्डीत, करून पाहिली गेली. ती करणाऱ्या बाईंचं वय तेव्हा त्रेपन्न होतं. मुंबईत त्यांचं नाव झालेलं होतं आणि शहरातलं काम नीट चाललं होतं. त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. आई उमाबाई विधवा होत्या आणि सदाशिवरावांनी त्यांच्याशी लग्न केलं होतं. त्या काळी अशा घराला समाज काय काय ऐकवत असेल, ते वेगळं सांगायला नको. मुलगी शिकली, १९१४ साली बी.ए. झाली. पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं. ते टिकलं नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई लहानग्या मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या आणि राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयात प्रमुख म्हणून रुजू झाल्या. पगार, मान, बंगला असं सगळं असलेली ही नोकरी. ती त्यांनी फार दिवस केली नाही.

कारण भावनगरला गिजुभाई बधेका होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना त्यांच्या हाती इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे विचार पडले आणि १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. ताराबाई १९२३ मध्ये तिथं गेल्या. दोघांनी मिळून बालशिक्षणावर लिहिलं, शिक्षक तयार केले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला.

मॉन्टेसरीबाईंचं म्हणणं ऐकायला सोपं, करायला अवघड. तीन ते सहा वर्षांचं मूल बोलून सांगितलेलं कमी शिकतं, हातानं केलेलं जास्त. म्हणून त्याच्यापुढं जाडी-उंची बदलत जाणारे लाकडी दट्ट्ये ठेवायचे, बोटानं गिरवायला खरखरीत अक्षरं द्यायची, पाणी ओतू द्यायचं, बटणं लावू द्यायची. काय उचलायचं ते मुलानं ठरवायचं आणि पाहिजे तितका वेळ त्याच कामात रमायचं. दट्ट्या चुकीच्या भोकात बसत नाही, तेव्हा चूक मुलाला आपोआप कळते, बाईंनी ओरडायची गरज उरत नाही. बाईंचं काम बघत राहण्याचं. मारणं नाही, आमिष नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. (आता दारावर ‘मॉन्टेसरी’ची पाटी लावून तीन वर्षांच्या पोराकडून रेघोट्यांच्या वहीत पानंच्या पानं लिहून घेणारे वर्ग तालुक्याच्या गावातही दिसतात. त्या पाटीचा आणि मॉन्टेसरीबाईंचा काही संबंध नाही.)

गोष्ट अशी की, १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो भागात मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालघर उघडलं, ते मजुरांच्या पोरांसाठी. आपल्याकडं मात्र ही पद्धत आली ती सुखवस्तू घरांत. साधनं महाग, खोली ऐसपैस हवी, शिकलेली बाई हवी. १९३१ मध्ये गांधीजी लंडनला मॉन्टेसरीबाईंच्या संस्थेत गेले, तेव्हा गरिबांच्या मुलांपर्यंत हे शिक्षण पोचावं, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढली. ती नावाजली, शिक्षिकांचं प्रशिक्षणही तिथं सुरू झालं. पण येणारी मुलं होती शहरातली आणि मध्यमवर्गीय.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. आचार्य भिसे यांच्यामुळं बोर्डीत शिक्षणाचं वातावरण आधीच होतं. त्याच वर्षी डहाणू-तलासरी पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठीविरुद्ध उठले होते. असा तो काळ. ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. मोरगावच्या, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, नंतर जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या.

बालवाडी उघडली खरी, पण बरी परिस्थिती असलेल्यांची मुलं आली. हरिजन वस्तीतली, पाड्यावरची आली नाहीत. आई-बाप पहाटे मजुरीला जाणार, घरी धाकटं भावंड सांभाळायचं, अंगावर धड कपडा नाही, मग शाळेच्या पायरीवर उभं तरी कसं राहायचं? ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. शाळा वस्तीत नेली. शिक्षिका साहित्य घेऊन जायच्या, कुणाच्या तरी अंगणात बसायच्या. आधी पोरांचे हात-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणं, गोष्ट, खेळ. सवर्ण बाईनं त्या वस्तीत जाऊन पोरांना न्हाऊ घालायचं, ही १९४५-४६ मधली गोष्ट आहे, साधी नव्हे. याच कामाला अंगण बालवाडी म्हणू लागले.

महाग साधनांचंही कोडं इथंच सुटलं. बोर्डीच्या किनाऱ्यावर लहान-मोठे शिंपले काय कमी आहेत? चढत्या क्रमानं लावायला शिंपले, मोजायला बिया, आकार-रंग ओळखायला पानं-फुलं, घडवायला माती. परदेशी लाकडी पेटीतून मुलानं जे शिकायचं, ते इथं किनाऱ्यावर आणि रानात फुकट पडलेलं होतं. तत्त्व मॉन्टेसरीबाईंचंच राहिलं, सामान गावचं झालं. गाणी, गोष्टीही इथल्याच घेतल्या.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथली अडचण आणखी वेगळी. मूल जरा मोठं झालं की त्याच्या मागं गुरं लागतात. गुरं सोडून ते शाळेत आलं, तर घरचं काम कोण करणार? मग शिक्षक कुरणात गेले. गुरं चरताहेत, तिथंच झाडाखाली दगड मोजायचे, पक्षी ओळखायचे, अक्षरं गिरवायची. ही कुरणशाळा. आणि मुली येत नव्हत्या त्या काखेतल्या भावंडामुळं. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात. प्रत्येक वेळी अडचण पोराच्या घरात जाऊन पाहायची आणि त्याप्रमाणं शाळेचा आकार बदलायचा, असा हा प्रकार होता.

यश सरसकट आलं असं नाही. गवतकापणीच्या दिवसांत पाडे रिकामे व्हायचे, माणसं कामाच्या मागं जायची आणि पोरंही त्यांच्याबरोबर. पोट आधी, शाळा नंतर, हे गणित कुठल्याही पद्धतीला पूर्ण सुटलं नाही. आजही स्थलांतराच्या हंगामात या तालुक्यांतल्या शिक्षकांना ते ठाऊक आहे.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. त्यानंतरही त्यांचा जीव कोसबाडच्या कामातच होता. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटापर्यंत, पुढं चालवलं. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असंच आहे.