विश्लेषण : श्वासनलिकेत स्टेंट घालताना डॉक्टर सावध का असतात? शेव्हलियर जॅक्सन यांचा धडा

हृदयाच्या धमनीत स्टेंट घालणे आता नेहमीचे झाले आहे. मग दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिल्याने श्वासनलिका अरुंद झालेल्या रुग्णाला लगेच स्टेंट का घालत नाहीत? याचे मूळ समजण्यासाठी शेव्हलियर जॅक्सन यांच्या कामाकडे पाहावे लागते.

कोण होते जॅक्सन?
जन्म १८६५, अमेरिकेतील पिट्सबर्ग. १८८६ मध्ये जेफरसन मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. रुग्णांच्या श्वासनलिकेत आणि अन्ननलिकेत अडकलेल्या पिना, नाणी, बटणे त्यांनी दुर्बिणीने काढली. अशा दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत. घरातील कॉस्टिक सोडा प्यायल्याने मुलांच्या अन्ननलिका आक्रसत. त्या डब्यांवर विषाचा इशारा हवा, यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. १९२७ मध्ये तसा कायदा झाला.

श्वासनलिकेबाबत त्यांनी काय दाखवले?
श्वास वाचवण्यासाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवतात. १९२१ मध्ये जॅक्सन यांनी दाखवले, की हा छेद फार वर, स्वरयंत्रालगत घेतल्याने अनेकांचा श्वासमार्ग पुढे कायमचा अरुंद होतो. छेद खाली घेण्याची पद्धत त्यांच्यामुळे रूढ झाली. जीव वाचवणारी नळीच नवा आजार देऊ शकते, हा त्यातला धडा.

स्टेंटला तो कसा लागू पडतो?
धमनीतला स्टेंट हळूहळू आतल्या अस्तराखाली झाकला जातो. श्वासनलिका मात्र प्रत्येक खोकल्याला हलते आणि तिला कफ बाहेर टाकावा लागतो. त्यामुळे सिलिकॉनचा स्टेंट सरकू शकतो, त्यात कफ साचून तो बंद पडू शकतो. जाळीदार धातूच्या स्टेंटमध्ये मांस वाढते, तार तुटू शकते आणि तो काढणे अवघड होते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये बजावले, की कर्करोग नसलेल्या रुग्णांत धातूचा स्टेंट इतर सर्व पर्याय संपल्यावरच वापरावा.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?
श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, अचानक वाढलेली धाप, न सुटणारा कफ किंवा खोकल्यातून रक्त आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. स्टेंट किती काळ राहणार आणि कसा काढणार, हे आधीच विचारावे.

जॅक्सन १९५८ मध्ये वारले. नळी आत घालण्याआधी तिच्या परिणामांचा विचार करण्याची त्यांची शिस्त आजही कामी येते.