वर्गणीतून घडलेले पुढारी

इंग्लंडातील ब्रिस्टल येथे मेथॉडिस्ट मंडळीने बांधलेल्या प्रार्थनागृहावर कर्ज होते. ते कसे फेडावे, याचा विचार करण्यासाठी १७४२ च्या फेब्रुवारीत सभा भरली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना आली. पण अनेकांना तेवढेही परवडणारे नव्हते. तेव्हा फॉय नावाच्या सभासदाने, सर्वांत गरीब अकरा जण आपल्याकडे सोपवावेत, त्यांच्याकडून वर्गणी न आल्यास ती आपण भरू, असे सांगितले. हिशेबाची ही साधी सोय पुढे नवे पुढारी घडविणारी पाठशाळा ठरली. तिचे मर्म जॉन वेस्ली यांनी ओळखले.

१७०३ साली एपवर्थ येथे एका पाळकाच्या घरी जन्मलेले वेस्ली हे ऑक्सफर्डचे विद्वान आणि चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मोपदेशक होते. अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत त्यांनी केलेले धर्मकार्य अपयशी ठरले. १७३९ मध्ये ब्रिस्टलनजीक किंग्जवुड येथील खाणकामगारांपुढे त्यांनी उघड्या माळावर प्रवचने सुरू केली. श्रोते हजारोंनी जमू लागले; परंतु त्यांची काळजी वाहणारे दीक्षित पाळक मूठभरच होते.

वर्गणीसाठी घरोघर जाणाऱ्यांना आजारपण, भांडणे, व्यसने, सारेच दिसू लागले. वेस्ली यांनी मग सर्वत्र सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग पाडले. प्रत्येक वर्गनायकाने आपल्या माणसांना दर आठवड्याला भेटावे, त्यांची विचारपूस करावी, चुकणाऱ्यास समजवावे, आजाऱ्याची वर्दी पाळकाला द्यावी आणि जमलेल्या पैशाचा चोख हिशेब द्यावा, असा नियम झाला. ज्यांना समाजात कोणी विचारीत नव्हते, अशा कारागीर-मजुरांना या लहानशा जबाबदारीने बोलण्याचे, ऐकण्याचे आणि हिशेबाचे शिक्षण दिले. त्यांच्यातूनच पुढे उपदेशक निघाले.

हे सारे वेस्ली यांना सहजी पटले होते असे नव्हे. थॉमस मॅक्सफील्ड हा दीक्षा न घेतलेला तरुण लंडनमध्ये उपदेश करू लागल्याचे कळताच ते त्याला थांबविण्यासाठी धावून गेले. आधी त्याचे ऐकून तर घे, असा सल्ला आई सुझॅना यांनी दिला. वेस्ली यांनी ऐकले आणि आपले मत बदलले. १७४४ पासून उपदेशकांची परिषद भरू लागली. उपदेशकांनी रोज निदान पाच तास वाचन करावे असा दंडक घालण्यात आला आणि त्यांना व सभासदांना उपयोगी पडावी म्हणून वेस्ली यांनी पन्नास खंडांची ग्रंथमाला सिद्ध केली. सेरा क्रॉस्बी व मेरी बोझांकेट या स्त्रियांच्या उपदेशकार्यालाही त्यांनी कालांतराने संमती दिली.

तथापि या शिक्षणात एक उणीव होती. वर्गनायक नेमण्याचा आणि काढण्याचा अंतिम अधिकार वेस्ली यांनी स्वतःकडेच ठेवला. जबाबदारी वाटली गेली, सत्ता नाही. वारस म्हणून त्यांनी निवडलेल्या जॉन फ्लेचर यांनी नकार दिला आणि १७८५ मध्ये फ्लेचरच निवर्तले. तत्पूर्वी, १७८४ मध्ये, वेस्ली यांनी एका दस्तऐवजाने शंभर उपदेशकांच्या परिषदेकडे कारभार सोपविण्याची तजवीज केली होती. वगळलेले अर्थातच दुखावले. १७९१ मध्ये वेस्ली यांचे निधन झाले, तेव्हा ब्रिटन व आयर्लंड मिळून सभासद सुमारे ७०,००० होते. अवघ्या सहा वर्षांत, १७९७ मध्ये, सामान्य सभासदांना कारभारात वाटा हवा या मागणीवरून पहिली फूट पडली. ज्यांना हिशेब ठेवण्यास शिकविले, ते एक दिवस हिशेब मागणारच होते.

या शिक्षणाची फळे मंडळीबाहेरही दिसली. १८३४ मध्ये टॉलपडल गावी शेतमजुरांची संघटना बांधताना बेकायदा शपथ दिल्याबद्दल ज्या सहा जणांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांपैकी पाच जण मेथॉडिस्ट होते. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस हा मंडळीचा उपदेशक होता. सभा चालविणे आणि वर्गणी गोळा करणे ही विद्या त्या मंडळीत रुजलेली होती.

संस्थापकाच्या पश्चात काय, हा प्रश्न धर्मसंस्थेइतकाच शाळा, सहकारी पतपेढी आणि कामगार संघटना यांनाही सुटलेला नाही. नेतृत्व व्याख्यानांनी घडत नाही. बारा माणसांची खरीखुरी जबाबदारी अंगावर पडली की घडते. मात्र त्या जबाबदारीबरोबर अधिकारही वेळीच सोपवावा लागतो. वेस्ली यांच्या चरित्रातील पहिला धडा त्यांच्या यशातून मिळतो, दुसरा त्यांच्या मर्यादेतून.