तळे खोदणारा सिद्धराम

सोलापूरच्या सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन आलेला माणूस देवाबद्दल बोलतो, गड्ड्याच्या यात्रेबद्दल बोलतो, आणलेल्या शेंगाचटणीबद्दलही बोलतो. तळ्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. ज्या पाण्यामध्ये ते मंदिर उभे आहे, ते पाणी तेथे आपोआप आलेले नाही. सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी एका माणसाने लोकांच्या हाती कुदळ आणि पाटी दिली, तेव्हा ते तळे झाले. त्या माणसाला आज आपण देव मानतो. मला येथे त्याच्यातल्या तळे खोदणाऱ्या माणसाची ओळख करून द्यायची आहे.

सोलापूरचे जुने नाव सोन्नलिगे. बाराव्या शतकात तेथे मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी या दांपत्याच्या पोटी सिद्धराम जन्मला. मूल अबोल. घरच्यांनी त्याला रानात राखणीला ठेवले. कथा सांगते, की एके दिवशी शेतात एक जंगम आला. त्याने हुरडा मागितला, मुलाने दिला. मग पोटात आग पडली म्हणून दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला आणि दहीभात घेऊन आला, तो पाहुणा नाहीसा झालेला. मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारीत तो रडत सुटला आणि यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलला पोहोचला. तेथेही मल्लय्या दिसेना, तेव्हा तो कड्यावरून उडी टाकायला निघाला. त्या क्षणी मल्लिकार्जुनाने त्याला सावरले आणि गावी परत पाठविले, ते सोन्नलिगेचे दुसरे श्रीशैल करण्यासाठी.

ज्वारीच्या आमच्या मुलखात ही गोष्ट आजही आजी नातवंडांना सांगते. पण माझे लक्ष वेधते ते तिचा शेवट. ज्याला साक्षात देव भेटला, तो गुहेत जाऊन बसला नाही. तो गावी परतला आणि कामाला लागला. त्याने मल्लिकार्जुनाची स्थापना केली, गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि तळे खोदायला घेतले. शेकडो माणसे त्या कामावर राबली. माणसांना, गुरांना, पांथस्थांना पाणी मिळावे, हीच त्याची पूजा होती. त्याच्याशी लग्न करण्याचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्याने आपल्या योगदंडाशी लावून दिला, अशी कथा आहे. संक्रांतीच्या यात्रेतला अक्षता सोहळा तिचीच आठवण आहे.

तळ्याचे काम चालू असतानाच अल्लमप्रभू सोन्नलिगेत आले. त्यांनी सिद्धरामाचा उल्लेख माती खणणारा वड्डर असा केला, तेव्हा कामावरची माणसे खवळली आणि त्यांनी दगड उचलले. सिद्धरामही संतापला. अल्लमप्रभू शांत राहिले. त्यांचा मुद्दा सरळ होता: देऊळ बांधले, तळे खोदले, पण हे मी केले हा अभिमान उरला, तर आतले तळे कोरडेच राहिले. सिद्धरामाला हे पटले. तो अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेला. तेथे बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात त्याने चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतली. पुढे तो शून्यसिंहासनाचा अधिकारी झाला, अशी परंपरा आहे. त्याने कन्नडमध्ये वचने लिहिली. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ही त्याची मुद्रा. अखेरीस तो सोन्नलिगेला परतला आणि तेथेच त्याने समाधी घेतली. तळ्याचा आणि त्याचा सहवास कायमचा झाला.

अल्लमप्रभूंचा प्रश्न मला पाण्याच्या व्यवहारातही फार मोलाचा वाटतो. तळे खोदणाऱ्याचे नाव कोनशिलेवर लागते. ते राखणाऱ्याचे कुठेच लागत नाही. आणि तळे मरते ते खोदण्यावाचून नव्हे, राखण्यावाचून. मी बँकेत शेतीकर्जाचे काम पाहत असताना विहीर, इंजिन, पाइपलाइन यांची कितीतरी प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. प्रत्येकाला सातबारा लागे, जामीनदार लागे. गावतळ्यासाठी कर्ज मागायला कधी कोणी आले नाही. येणार तरी कोण? जे सर्वांचे, त्याच्यासाठी सही करणारा हात नसतो.

राखायचे म्हणजे काय करायचे? पहिली गोष्ट गाळाची. पावसाबरोबर रानातली काळी माती वाहून येते आणि तळाशी बसते. तळे उथळ होते, पाणी पसरते, आणि आमच्याकडचे ऊन वर्षाला दीड-दोन मीटरचा थर सहज पिऊन टाकते. उथळ तळ्याला मग उन्हाळा दिसतच नाही. म्हणून पूर्वी शेतकरी उन्हाळ्यात गाड्या जुंपून गाळ रानात नेत. 2017 साली राज्य सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली, ती याच शहाणपणावर उभी आहे. मात्र यंत्राने खोदताना भान हवे. तळाचा चिकण थर फुटून खाली मुरूम लागला, की पाणी जिरून जाते. मुरूम नावाच्या गावात राहणाऱ्याने तरी हे विसरू नये!

दुसरी गोष्ट पाळीची. पाळीवर हरळी किंवा वाळा असावा, मोठी झाडे नसावीत. मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते. घुशींची बिळे वेळीच बुजवावीत. सांडवा मोकळा असावा, नाहीतर एका पावसात पाळ वाहून जाते.

तिसरी गोष्ट घाणीची. सांडपाणी, निर्माल्य, रानातून येणारे खत हे सारे शेवाळाचे खाद्य. पाणी हिरवे होते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेच तो वापरते आणि कुजताना तर आणखी खाते. म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात, आणि सकाळी लोक कोणी विष घातले याची चौकशी करतात. विष आपण वर्षभर थोडे थोडे घालत असतो. शहराच्या मध्यावर असलेल्या सिद्धेश्वर तळ्यालाही हे भोग चुकलेले नाहीत.

तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपण हल्ली लाचखोराला उद्देशून वापरतो. तिचा सरळ अर्थ पुन्हा वापरात आणायला हवा. 2016 पासून सरकारी अनुदानावर शेततळी वाढली, हे चांगलेच झाले. पण स्वतःच्या शेततळ्याचे अस्तर जपणारा माणूस गावतळ्याच्या सांडव्याकडेही वर्षातून एकदा पाहील, तर काम निम्मे होईल.

येत्या संक्रांतीला सिद्धेश्वराला जाल, तेव्हा हातातले निर्माल्य पाण्यात न टाकता बाजूच्या कुंडात ठेवा. मुलांना नंदीध्वज दाखवा आणि तळेही दाखवा. ते कोणी, कशासाठी खोदले, हे सांगा. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या तळ्यात पाणी कुठून येते आणि जादा पाणी कुठून जाते, हे त्यांना एकदा चालत नेऊन दाखवा.