सही नसलेली कविता

बँकेत बत्तीस वर्षे काढली, त्यांतली निम्मी तरी सह्या पडताळण्यात गेली असतील. सही नसलेल्या चेकला कागदाच्या कपट्याइतकीही किंमत नाही, हे मी कितीतरी खातेदारांना समजावून सांगितले. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, तरी ही खोड काही गेली नाही. एकदा एका दिवाळी अंकात माझी कथा छापून आली आणि खाली नाव मात्र भलत्याचेच पडले. ऐन भाऊबिजेला मी घरात कुणाशी धड बोललो नव्हतो. पुढे केव्हातरी अमेरिकेतल्या एका कवीचे चरित्र वाचनात आले आणि स्वतःचीच थोडी लाज वाटली. त्या कवीचे नाव बॅजर क्लार्क. काउबॉयांचा कवी.

काउबॉय म्हटला की आपल्याला आठवतो तो सिनेमातला, कमरेला पिस्तूल लावलेला. खरा काउबॉय म्हणजे घोड्यावरचा पगारी गुराखी. १८६० नंतरच्या दशकांत टेक्सासमधून हजारो गुरांचे कळप शेकडो मैल उत्तरेला, रेल्वे स्टेशनांपर्यंत हाकत न्यायचे, हे त्याचे काम. रात्री कळप बुजू नये म्हणून तो घोड्यावरून फेऱ्या घालत संथ आवाजात गात राही. शेकोटीभोवती पदे म्हटली जात. कुणी रचले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. आपल्या जात्यावरच्या ओव्यांखाली तरी कुणाची सही असते?

क्लार्कचा जन्म १ जानेवारी १८८३चा, आयोवा राज्यातल्या अल्बिया गावचा. तो काही महिन्यांचा असतानाच कुटुंब डाकोटात गेले. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. डेडवूड या सोन्याच्या खाणींच्या गावाजवळ १९०३ साली कॅलॅमिटी जेन ही गाजलेली बाई वारली, तेव्हा तिच्या अंत्यविधीची प्रार्थना त्यांनीच केली होती. अशा वडिलांचा मुलगा कॉलेज अर्धवट सोडून त्याच वर्षी क्यूबाला निघून गेला. तिथे अमेरिकी लोकांची वसाहत उभारण्याचा बेत होता. तो बेत फसला, एका गोळीबाराच्या प्रकरणात काही दिवस तुरुंगाची हवाही खावी लागली. परत आल्यावर क्षयाचे निदान झाले.

त्या काळी क्षयावर औषध नव्हते. कोरडी हवा हाच काय तो इलाज. म्हणून १९०६ साली तेविशीतला क्लार्क अॅरिझोनातल्या टूमस्टोन गावाजवळच्या एका गुरांच्या रानावर राखणदार म्हणून जाऊन राहिला. काम बेताचे, माणसांची वर्दळ नाही, वर अफाट आकाश. तब्येत सुधारू लागली. हा आनंद साध्या गद्यात मावेना, म्हणून घरच्या पत्रांतून तो पद्ये लिहू लागला. वडिलांची दुसरी पत्नी, म्हणजे त्याची सावत्र आई, मोठी रसिक. तिने त्याला न विचारताच एक कविता पॅसिफिक मंथली या मासिकाकडे धाडून दिली. मासिकाने ती छापली आणि दहा डॉलर पाठवले. सावत्र आईच्या नावाने आपण किती बोटे मोडतो! हा कवी जगापुढे आणला तो सावत्र आईनेच.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्या मासिकात त्याची 'अ काउबॉईज प्रेअर' ही कविता आली, आणि ती आईला अर्पण केलेली होती. देवळात कधी न जाणारा एक काउबॉय उघड्यावर उभा राहून देवाशी बोलतो आहे, एवढाच तिचा विषय. मोकळ्या आयुष्याबद्दल तो आभार मानतो आणि आपल्या हातून क्षुद्रपणा घडू नये, एवढेच मागतो. ही कविता काउबॉयांनी उचलली. कुणी पाठ केली, कुणी वहीत उतरवली. मग ती पोस्टकार्डांवर छापून दुकानांतून विकली जाऊ लागली. गंमत अशी, की कार्डांवर खाली लिहिलेले असे - कवी अज्ञात.

१९१० साली बरा होऊन क्लार्क दक्षिण डाकोटातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी परतला. वडील थकले होते. १९२१ साली ते जाईपर्यंत तो त्यांच्यापाशीच राहिला. लग्न केले नाही. १९१५ साली 'सन अँड सॅडल लेदर' हा त्याचा पहिला संग्रह निघाला. पण पुस्तकावर नाव छापूनही काय उपयोग? दोनच वर्षांनी शिकागोच्या पोएट्री या प्रतिष्ठित मासिकात, पहाडी सिंहाला फास टाकणाऱ्या एका काउबॉयचे गाणे लोकगीत म्हणून छापून आले. ते क्लार्कचेच होते. काउबॉयांच्या तोंडी घोळून ते थोडे बदलले होते इतकेच. दुसऱ्या एका कवितेला १९२५च्या सुमारास बिली सायमन नावाच्या अॅरिझोनातल्याच काउबॉयने चाल लावली. मेक्सिकन मुलीची आठवण काढणारे ते गाणे पुढे अनेकांनी गायले. १९७१ साली बॉब डिलननेही ते आपल्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घेतले. ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना बॅजर क्लार्क ठाऊक असेल?

आणि क्लार्क काय करत होता? 'कवी अज्ञात' अशी कार्डे जिथे दिसतील तिथून जमवून ठेवत होता! चिडून नव्हे, तर एखाद्या मुलाने पोस्टाची तिकिटे जमवावी तसा. कुणावर त्याने डोळे वटारले नाहीत.

१९३७ साली गव्हर्नरांनी त्याला दक्षिण डाकोटाचा राजकवी नेमले. त्याच सुमारास कस्टर स्टेट पार्कच्या जंगलात त्याने स्वतःच्या हातांनी बांधायला घेतलेली चार खोल्यांची लाकडी झोपडी पुरी झाली. वीज नाही, नळ नाही, टेलिफोन नाही. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी, म्हणून घराचे नाव 'बॅजर होल', बॅजरचे बीळ! गावोगावी व्याख्याने द्यायची, कविता म्हणायच्या आणि पुस्तकांनी भरलेल्या त्या बिळात परतायचे. हा राजकवी १९५७च्या सप्टेंबरात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेला.

ती झोपडी त्या पार्कात जपून ठेवली आहे. १९८५ साली नेवाडातल्या एल्को गावी काउबॉय कवींचा मेळावा भरू लागला. गुरांमागे आयुष्य घालवलेली माणसे तिथे उभी राहून पाठ कविता म्हणतात, जुनी गाणी गातात. क्लार्कच्या कविता आता नावानिशी म्हटल्या जातात. पण त्या तिथवर पोचल्या त्या पुस्तकातून कमी आणि अनोळखी माणसांच्या पाठांतरातून अधिक. चेक सहीवाचून वटत नाही. क्लार्कची कविता पन्नास वर्षे सहीवाचून वटत राहिली.

तो दिवाळी अंक अजून माझ्या कपाटात आहे. रागाच्या भरात मी त्यातले छापील नाव काट मारून खोडले होते आणि खाली ठसठशीत सही केली होती. परवा तो काढून पाहिला. कथा तशी बरी आहे. सही तेवढी जरा जास्तच मोठी वाटली.